मागच्या बाजूचं ऊन

“ऊन कुठून येणार हो?” शालनने विचारलं आणि जयदेवने मोठ्या आत्मविश्वासाने हात वर केला. हात वर गेला तो गेला, पण तिथून पुढे कुठे वळायचं हे त्या हाताला ठाऊक नव्हतं. बदलापुरातली अर्धवट इमारत, दुसरा मजला, गिलावा नाही, दारं नाहीत, खिडकीच्या जागी नुसते गज. चौऱ्याण्णव सालचा श्रावण, आणि आभाळ असं भरलेलं की कित्येक दिवसांत कोणी सूर्य पाहिला नव्हता, आणि पाहिल्याचा दावाही कोणी करत नव्हतं. हात जरा वेळ हवेत थांबला, पंख्याच्या हुकाकडे वळला, आणि शेवटी कान खाजवायला खाली आला. बिल्डरचा माणूस दौलतराव मदतीला धावला. त्याच्या बोटात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा होता. ज्या इमारतीला एकही दार नव्हतं, तिच्या सगळ्या किल्ल्या त्याच्यापाशी होत्या. “ऊन ना वहिनी? चारी बाजूंनी. कंप्लीट ऊन.” सगळीच मेथी आज सकाळी खुडलीय असं सांगणाऱ्या भाजीवाल्याकडे बघावं तसं शालनने त्याच्याकडे बघितलं, गुडघ्यावर हात दाबला आणि एकेक पायरी करत जिना उतरायला लागली.

झालं एवढंच. पण उल्हासनगरला उतरून शेअर रिक्षात चौथा म्हणून अर्ध्या बुडावर टेकून कॅम्प चारकडे जाताना जयदेवच्या लक्षात आलं, की आपला हात अजून वरच आहे. म्हणजे दिसायला तो रिक्षाच्या दांडीला धरून होता. पण आत कुठेतरी तो तसाच हवेत लटकत होता, शाळेत उत्तर येत नसताना उगाच वर केलेल्या हातासारखा. पन्नाशीला आलेल्या माणसाला सूर्य कुठून येतो ते सांगता येऊ नये? आणि तेही फोटोच्या धंद्यातल्या माणसाला, जो आयुष्यभर उजेडावर जगला? उजेडावर म्हणजे तसा अंधारावरच. कॅम्प तीनच्या बाजारात मेंघराजशेठचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याची भिंत घालून काढलेल्या खोलीत, डार्करूम. तिथल्या लाल दिव्याखाली जयदेवने तीन कॅम्पांची लग्नं धुतली होती. माणसं त्याला आधी निगेटिव्हमधूनच भेटायची: काळ्या दातांनी हसणाऱ्या नवऱ्या, पांढऱ्या मिशांचे पोरगेलेसे नवरे, कोळशाचे पेढे भरवणाऱ्या सासवा. बाजारात एखादी बाई समोरून आली की तिला तो चटकन ओळखत नसे. मनातल्या मनात तिला काळी करून बघितली की मग नाव आठवे. डोळ्यांना ही सवय इतकी जडली होती की घरी आल्यावर शालन दिसायला त्याला थोडा वेळ लागायचा. शालनचं म्हणणं, तो वेळ दर वर्षी वाढत चाललाय.

तिने लग्नापासून काही मागितलं नव्हतं. म्हणजे भाजी, रॉकेल, ओट्यावरची फळी हे मागितलं होतं, पण ते मागणं नव्हे, तो संसार. बराकीतली त्यांची खोली म्हणजे लष्करासाठी बांधलेल्या लांबलचक बराकीचा चिरून केलेला एक तुकडा, दार बोळात, बोळापलीकडे दुसऱ्या बराकीची पाठ. भिंतींना ओल, आणि ती ओल हळूहळू शालनच्या सांध्यांत उतरलेली. हिवाळ्यात सकाळी तिची बोटं मिटायची नाहीत. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची, पाखरू धरावं तसा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हणाले, जरा उन्हात बसत जा बाई. ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, “घर घेताय ना? मग मला ऊन असलेलं घ्या. थंडीत बसायला. बाकी काय नको.” बुकिंग झालेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट दौलतरावाने त्यांच्यासाठी धरून ठेवले होते: एक पुढचा, रस्त्यावरचा, एक मागचा, खाली नाला, पलीकडे शेतं आणि दूर चंदेरीचा डोंगर. पुढचा की मागचा, एवढंच सांगायचं होतं. जयदेव त्याच दिवशी म्हणाला होता, “पुढच्यात येईल ना ऊन.” का येईल, हे त्याला माहीत नव्हतं. पुढचा त्याला हवा होता, म्हणून ऊनही तिथंच यावं असं त्याला वाटत होतं. माणसाला जे हवं असतं त्यात तो आरोग्य, हवापाणी आणि मुलांचं शिक्षण आपोआप घालतो, तसं.

पुढचा का हवा होता, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बापाला, शिवरामला, त्याने एकदा गावचं घर कुठे आहे म्हणून विचारलं होतं. बाप म्हणाला, गाव संपलं की. अंबरनाथच्या कारखान्यात लागल्यावर बापाने खोली घेतली ती चाळीच्या मागच्या अंगाला. जयदेवची बराकीतली खोली मागून. पत्ता सांगताना “संडासाच्या बाजूने या” असं म्हणावं लागे आणि पाहुणे ते लक्षात ठेवत. नोकरी स्टुडिओच्या मागे. पुढे काचेत नटलेल्या नवऱ्या, मेंघराजशेठ, फुलदाणी. मागे पत्र्याआड जयदेव. एकदा, फक्त एकदा, रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला मान वर करून आपल्या नावाची पाटी वाचता यावी, आणि त्यासाठी त्याला कोणाला विचारावं लागू नये, एवढी त्याची इच्छा होती. ती इतकी लहान होती की बोलून दाखवायची लाज वाटे.

आणि सूर्याचं म्हणावं तर तेही बापाकडूनच आलेलं. आजी सकाळी दारात उभी राहून सूर्याला पाणी घालायची. छप्पन्न साली दीक्षा घेऊन बाप नागपुराहून आला आणि त्याने तांब्या तिच्या हातातून हळूच काढून घेतला. “आये, तो तारा आहे. पाणी घालून तो विझणार नाही आणि नाही घातलं तर रुसणार नाही.” आजीला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिने पाणी घालणं सोडलं, आणि बघणंही सोडलं. घरात मग सूर्याविषयी कोणी काही बोललं नाही. तो येत होता, जात होता. चाळीतल्या ज्या माणसाशी भांडणही नाही आणि येणंजाणंही नाही, तसा. रिक्षात बसल्याबसल्या जयदेवला वाटलं, तो देव नाही हे बरोबर. पण निदान कुठे राहतो ते तरी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी डार्करूममध्ये शिरल्यावर त्याने दिवा लावला नाही. काही दिवसांपूर्वीची एक गोष्ट रात्रभर त्याला टोचत होती. दुपारी धुतलेल्या पासपोर्ट फोटोंवर धुरकटपणा यायचा आणि मेंघराजशेठ पडद्याबाहेरून ओरडायचे, “जयदेव, साईं, ये पब्लिक का फोटो है कि माथेरान का? इतना धुवां कहां से आता है?” जयदेव औषधाला दोष द्यायचा, शेठ जयदेवला. शेवटी जयदेवने स्टुलावर चढून कपाटाच्या वर पाहिलं, तर मागच्या भिंतीला कधीकाळी चिकटवलेला रद्दी ब्रोमाईडचा, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचा, एक ताव निघाला, आणि त्याच्यावर काळपट रेघा, एकीखाली एक, किंचित वाकलेल्या, कोणी कंगवा फिरवावा तशा. तेव्हा झुरळांचं काम म्हणून तो खाली उतरला होता. आता अंधारात तो समोरच्या पत्र्यासमोर उभा राहिला. खिळा गंजून पडलेल्या जागी भोक होतं, टाचणीच्या डोक्याएवढं, आणि त्यातून ढगाळ दिवसाचासुद्धा एक मळका किरण आत येत होता. रेघा झुरळांच्या नव्हत्या. सूर्य रोज दुपारी या भोकातून आत यायचा, भिंतीवरून चालत जायचा, आणि गेलेल्या वाटेवर कागद काळा करून जायचा. आज जरा वर, उद्या जरा खाली. कागद कोणी औषधात बुडवला नव्हता, काही नाही. उन्हानेच तो सावकाश भाजला होता. इतकी वर्षं सूर्य पाय न वाजवता आपल्या पाठीमागून जात होता आणि आपण लाल दिव्याकडे तोंड करून इतरांची लग्नं धूत होतो, हे समजल्यावर जयदेव स्टुलावर बसला. त्याला हसू आलं. मग त्याने भोक बुजवलं. धंदा तो धंदा.

त्या संध्याकाळी त्याने शालनकडे सुई मागितली. “कशाला?” “सूर्याला.” शालनने त्याच्याकडे बघितलं आणि सुई दिली, नवरा खुळावला असेल तर सुईने फारसं बिघडणार नाही असा तिने विचार केला असावा. फिल्मच्या रिकाम्या काळ्या डब्या स्टुडिओत खोक्याने पडल्या होत्या. दोन डब्यांना त्याने बाजूने भोक पाडलं, भोकावर शालनच्या गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पन्नी चिकटवली आणि त्या पन्नीला सुईचं टोक लावून नुसतं आत ढकलल्यासारखं केलं. डार्करूममध्ये ब्रोमाईडचा तुकडा डबीत गोल बसवला, झाकण लावलं, सगळं काळ्या टेपने गुंडाळलं. दसऱ्याच्या आसपास पाऊस सरल्यावर तो बदलापूरला गेला आणि एक डबी पुढच्या फ्लॅटच्या खिडकीला, वरच्या कोपऱ्यात सहज दिसणार नाही अशी, आणि एक मागच्या फ्लॅटच्या गजाला घट्ट बांधून आला. दौलतरावाने दिवाळीपर्यंत निर्णय मागितला होता, कारण दिवाळीला ताबा होता. जयदेवला थंडीतलं ऊन मोजायचं होतं, म्हणजे संक्रांतीपर्यंतचा वेळ हवा होता. ताबा अर्थातच संक्रांतीवर गेला. बिल्डरने ताबा लांबवल्यामुळे ज्याचं मनापासून भलं झालं, असं जयदेव हे बदलापुरातलं बहुधा पहिलंच गिऱ्हाईक असेल.

मधले महिने तो विचित्र मनःस्थितीत वावरला. लाल दिव्याखाली प्रिंट हलवता हलवता त्याला एकदम वाटे, आत्ता या क्षणी तिकडे दोन डब्यांत काहीतरी चाललंय. कोणी बटण दाबत नाही, कोणी “स्माईल” म्हणत नाही. इथे एका सेकंदाच्या तुकड्यात माणूस पकडायचा आणि तो माणूस तक्रार करणार की मी असा दिसत नाही. तिकडे दिवसांमागून दिवस एकाच कागदावर पडतायत आणि त्यांची काही तक्रार नाही. त्याने दुपारचा चहा बाहेर येऊन प्यायला सुरुवात केली. बाजाराच्या गल्लीत, शिलाई मशीनच्या घरघरीत, जीन्सच्या गठ्ठ्यांवर ऊन कुठपर्यंत उतरलंय ते तो बघायचा. मेंघराजशेठ म्हणाले, “क्या देखता है?” तो म्हणाला, “धूप.” शेठनेही वर बघितलं. “हां,” ते म्हणाले, “है तो सही.” आणि त्या सगळ्या काळात एक लहानसा, चोरटा विचार जयदेवच्या मनात घुटमळत राहिला: पुढच्या डबीत रेघा येऊ देत. भरपूर येऊ देत. अशी प्रार्थना करायची सोय बापाने ठेवली नव्हती, म्हणून तो नुसताच कोणाचंही नाव न घेता विनवायचा.

थंडी पडल्यावर तो डब्या जागेवर आहेत का बघायला गेला, तर मागच्या खिडकीत डबीशेजारी लिंबूमिरची लटकत होती. ताजी. इमारतीत राखणीला राहणारी चांगुणा, मुरबाडकडची, खाली विटांच्या आडोशाला संसार मांडून असायची, ती धावत वर आली. “दादा, शिवू नका वो त्याला! करनी हाय ती. काली चिंधी गुंडाललीय, सुईचा भोक हाय, मी सोता बघलाय. ज्याचं घर होल त्याचं वाटोलं.” आत काय आहे ते तिने सांगितलं नाही, पण तिला ते पक्कं माहीत होतं: केस, हळद, आणि बहुतेक एखादा दात. बातमी दौलतरावापर्यंत आणि तिथून गिऱ्हाइकांपर्यंत गेली होती. बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई, सगळी शिकलेली माणसं; कोणीही करणी मानत नव्हतं. फक्त मागच्या बाजूचा एकही फ्लॅट कोणी घेत नव्हतं, आणि पुढचे भराभर संपले होते. दौलतराव रडकुंडीला आला होता. “जयदेवराव, तुमचं तेवढं ठरवून टाका. पुढचा एकच राहिलाय, तुमच्यासाठी धरलाय. आज हो म्हणा. नाहीतर...” तो घुटमळला. “नाहीतर तुम्ही मागचा घ्याल का? तुमच्यात हे मानत नाहीत ना?”

“डबी माझी आहे,” जयदेव म्हणाला.

दौलतरावाच्या हातातला जुडगा वाजायचा थांबला. “तुमची म्हणजे?”

“मीच बांधली. त्यात सूर्य आहे.”

दौलतराव एक पाऊल मागे सरला. चांगुणा दोन. जयदेवने कागद, भोक, रेघा हे सगळं समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितकं ते करणीसारखंच वाटायला लागलं. “सूर्य डबीत कोंडलाय म्हनं,” चांगुणा पुटपुटली, आणि दुसऱ्या दिवसापासून लिंबं दोन झाली. संक्रांतीला निर्णय सांगतो असं कबूल करून जयदेव निघाला तेव्हा दौलतरावाने त्याला नमस्कार केला, पूर्वी कधी केला नव्हता इतका वाकून.

संक्रांतीला तो शालनला घेऊन आला. जिना चढताना ती दोनदा थांबली. दोन्ही डब्या सोडवून तो तिला मधल्या बोळकंडीत घेऊन गेला, जिथे पुढे कधीतरी न्हाणीघर होणार होतं आणि तूर्त बऱ्यापैकी अंधार होता. त्याने आधी पुढची डबी उघडली. त्याचे हात, ज्यांनी हजारो कागद अंधारात न चुकता सोडवले होते, ते आज चाचपडले. कागद निघाला: सबंध, सपाट, फिकट तपकिरी, साईच्या चहासारखा. खालीवर करून बघितला, तिरपा धरला. एकही रेघ नव्हती. पूर्ण थंडीत सूर्य त्या खिडकीकडे एकदाही फिरकला नव्हता. मग त्याने मागची उघडली. कागदाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत काळ्या कमानी, एकीला लागून एक, गच्च, मधूनच एखादी तुटलेली, ढगांनी खाल्लेली, आणि त्यांच्यावर, उलटा लटकलेला, चंदेरीचा सुळका. इतकं ऊन त्याने एका जागी कधी पाहिलं नव्हतं. ते कोळशासारखं काळं होतं.

शालनने दोन्ही कागद घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले. “हा बरा आलाय,” ती म्हणाली आणि पुढच्या फ्लॅटचा कागद वर केला. “स्वच्छ आहे. दुसऱ्यावर तर नुसते ओरखडे पडलेत.” आणि मग, अगदी सहज, “पुढचाच ना? तुम्हाला हवाच होता तो.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. जयदेव त्या अंधारात उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की आता त्याला खोटंसुद्धा बोलायचं नाही. नुसतं गप्प बसलं तरी पुरे. त्या दोन कागदांतलं काय उजेड आणि काय अंधार हे वाचणारा या इमारतीत, या गावात तो एकटा माणूस होता. काळं ते ऊन, हे त्याने सांगितलं नाही तर जगात कोणीही सांगणार नव्हतं. खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याला पाटी दिसली, पांढऱ्यावर निळी अक्षरं. रस्त्यावरचा माणूस मान वर करून वाचतोय. आणि त्या पाटीच्या आत, भिंतीपलीकडे, शालन दोन्ही तळव्यांत कप धरून बसलेली, फिकट तपकिरी उजेडात, हिवाळ्यामागून हिवाळे. बाप म्हणायचा, मागे राहू नका. बापाने मागे कशाला म्हणतात ते सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, त्यात सांगायचं काय. जयदेवला पहिल्यांदाच वाटलं, हे बापालाही तपासून बघायला वेळ मिळाला नसावा. घाईत होता बिचारा. सगळ्या पिढ्यांचं चालून टाकायचं होतं त्याला.

“शालन,” तो म्हणाला, “ते ओरखडे म्हणजे ऊन आहे.”

तिने मागचा कागद पुन्हा वर उचलला. “हे?”

“कागदावर ऊन काळं दिसतं. ही एकेक रेघ एकेक दिवस. ही वरची दसऱ्याची... नाही, उलटं आहे, ही खालची. अशी सरकत सरकत ही इथली आत्ताची.”

“आणि तो स्वच्छ?”

“त्यात काही नाही. तिकडे सूर्य येतच नाही थंडीत.”

तिने कमानींवरून अंगठा फिरवला, साडीचा पोत बघावा तसा. “एवढं?” ती म्हणाली. “एवढं सगळं येतं?” आणि मग, “तुमच्या पाटीचं काय?”

“मागे लावू. विचारत येतील लोक.”

“काय म्हणून विचारत येतील?”

“करणीवाला कुठे राहतो म्हणून,” जयदेव म्हणाला, आणि शालन इतकी मोठ्याने हसली की रिकाम्या खोल्यांनी ते हसणं एकमेकींना सांगितलं.

ती मागच्या खोलीत गेली. खिडकीखाली उन्हाचा मोठा चौकोन पडला होता, गजांच्या सावल्यांसकट, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर. पोतं झटकून ती खाली बसली, भिंतीला पाठ लावली, पाय लांब केले, आणि कागद नीट दिसावा म्हणून उन्हात धरला. “अगं, अगं, तो काळा पडेल!” जयदेव ओरडला, डार्करूममधल्या माणसाच्या तोंडून हे हाडातूनच आलं. पक्का करायची सोय नव्हती त्या कागदाला. औषधात घातला तर पुसट होणार, उजेडात ठेवला तर काळा. बघितला की संपला, असा तो फोटो होता. “पडू दे,” शालन म्हणाली, “आता काय करायचाय?” आणि कागद मांडीवर ठेवून तिने दोन्ही हात त्याच्यावर उन्हात पसरले, बोटं हळूहळू मिटत-उघडत. कडेकडेने कागद सावळा होत होता. डोंगर गेला, मग दसरा गेला. जयदेव तिच्या शेजारी बसला. त्याला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. तो थोडा वेळ त्याची वाट बघत राहिला, पण ते काही आलं नाही. पाठीला ऊब लागत होती.

दारात पावलं वाजली. चांगुणा हातात ताजं लिंबू घेऊन आली होती, ती चौकटीबाहेरच थबकली. “बाय, तिथं नका बसू वो,” ती घाबरून म्हणाली. “त्या खोलीतच हाय ती.”

“असू दे गं,” शालन म्हणाली, आणि पोत्याचं एक टोक हाताने झटकून सरळ केलं. “तूपण ये. गार पडलेत हात तुझे, दिसतंय मला. ऊन आहे बघ.”

चांगुणाने खिडकीकडे बघितलं, मांडीवरच्या काळ्या कागदाकडे बघितलं, जयदेवकडे बघितलं. मग लिंबू तिने कंबरेला खोचलं, चपला बाहेर काढल्या, आणि आत आली.